अळंबी ओळखावी कशी?

आषाढ लागला, भाताची लावणी निम्मी उरकली, म्हणजे भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात अळंबी फुटू लागते. (वेल्हे तालुक्याला सरकारने आता राजगड तालुका असे नाव दिले आहे. पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. आम्हीही येथे तेच लिहितो.) रात्रभर पाऊस झालेला असतो. सकाळी गुरे घेऊन गेलेली पोरं पाहतात, तो वारुळाच्या कडेला पांढऱ्या टोप्या माती फोडून वर आलेल्या. मग काय, डोक्यावरचे इरले काढायचे आणि त्यात अळंबी गोळा करायची. घरी आल्यावर कांदा, मिरची, थोडे सुके खोबरे. मटणाच्या तोंडात मारील अशी भाजी होते!

अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही. डोंगरातल्या कातकरी, महादेव कोळी, धनगर मंडळींना अशा जागा पिढ्यानपिढ्या ठाऊक असतात. सासूने सुनेला दाखवायची, बापाने पोराला दाखवायची, अशी ती विद्या चालते. ही विद्या खरी आहे, मोलाची आहे. शहरातले पुष्कळ शिकलेले लोक तिच्यापुढे अडाणी ठरतील.

पण त्याच पावसात, त्याच बांधावर दुसऱ्याही छत्र्या उगवतात. त्यांना आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. म्हणजे ती खायची नाही, पायाने उडवून द्यायची. आता अडचण अशी की, खायची कोणती आणि उडवायची कोणती, हे नावावरून कळत नाही. एका गावची अळंबी ही दुसऱ्या गावची कुत्र्याची छत्री असते. आणि पांढरी टोपी, पांढरा दांडा तर दोघींनाही असतो. चूक झाली तर पोट बिघडते. मोठी चूक झाली तर माणूस जातो.

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यात आसामात असेच झाले. चहाच्या मळ्यांच्या भागातल्या लोकांनी रानातली अळंबी आणून रांधली. तेरा माणसे दगावली. ती माणसेही आपल्यासारखीच होती. त्यांच्याकडेही दरसाल अळंबी खायची चाल होतीच.

म्हणून अळंबी ओळखावी कशी, जुनी माणसे कशी ओळखतात, शास्त्रज्ञ कशी ओळखतात, आणि अलीकडे प्रयोगशाळेत तिची जात कशी वाचतात, हे आपण आज पाहू.

आधी अळंबी म्हणजे काय?

शिळ्या भाकरीवर बुरशी धरते, ती तुम्ही पाहिली आहे. अळंबी त्याच गोतातली. ती झाड नव्हे, गवत नव्हे. तिला हिरवे पान नाही, म्हणून तिला उन्हातून अन्न करता येत नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. कोणी कुजक्या लाकडावर जगते, कोणी शेणावर, कोणी पालापाचोळ्यावर, कोणी जिवंत झाडाच्या मुळाशी.

जमिनीत किंवा लाकडात बुरशीचे पांढरे, बारीक तंतू पसरलेले असतात. खरी बुरशी ती. वर्षभर ती तिथेच असते, आपल्याला दिसत नाही. पावसाळ्यात ओल आणि ऊब मिळाली की हे तंतू एकत्र येऊन वर छत्री काढतात. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी या तंतूंना छत्री. छत्री हे फळ, आणि तिच्यातून पडणारी धूळ हे बी. पुस्तकात या बीला बीजाणू म्हणतात. बीजाणू इतका बारीक की शंभर बीजाणू ओळीने मांडले तरी पाटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेची जाडी भरणार नाही.

विजा कडाडल्या म्हणजे अळंबी फुटते, असे जुनी माणसे सांगतात. विजा आणि पाऊस बरोबरच येतात. त्यामुळे श्रेय विजेला मिळते. ओल आणि ऊब यांचे काम मात्र मागे राहते.

जगात आजवर बुरशीच्या दीड लाखाच्या आसपास जातींना नावे मिळाली आहेत. खऱ्या जाती २२ लाखांपासून ३८ लाखांपर्यंत असाव्यात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली केला. म्हणजे नाव नसलेल्याच पुष्कळ. आपल्या डोंगरातही अशा असणारच.

काही खोट्या परीक्षा

चांगली अळंबी कोणती हे पाहायच्या काही युक्त्या लोक सांगतात. शिजवताना लसणाची पाकळी टाका, काळी पडली तर अळंबी विषारी. चांदीचा रुपया टाका, काळा पडला तर विषारी. तांदळाचा रंग बदलला तर विषारी. किड्याने खाल्लेली असेल तर चांगली, गोगलगाय लागली असेल तर चांगली. टोपीची साल सुटली तर चांगली. वास गोड आला तर चांगली.

या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. एकही धरू नये. जगातली सर्वांत घातक अळंबी चांदी काळी करीत नाही, लसूण काळा करीत नाही. तिला वास वाईट नाही, चवही वाईट नाही. जे वाचले त्यांनीच सांगितले की भाजी चवदार होती. गोगलगाईचे पोट वेगळे, माणसाचे पोट वेगळे. तिला जे पचते ते आपल्याला मारू शकते. आणि उकळून पाणी फेकले, उन्हात वाळवली, तेलात तळली, तरी ते विष जात नाही.

डोळ्यांनी कशी ओळखतात?

अळंबी ओळखायची तर ती वरवर उपटू नये. खुरप्याने मुळासकट खणून काढावी. अर्धी ओळख मातीखाली असते. ती वरच तोडली तर ओळख मातीतच राहते.

मग तिचे एकेक अंग पाहावे. टोपी कशी आहे? मधोमध टोक आहे की सपाट? वर खवले आहेत का? टोपी उलटी करा. खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे दिसतील. काहींना पडद्यांऐवजी चाळणीसारखी भोके असतात. पडदे कोणत्या रंगाचे? ते दांड्याला चिकटले आहेत की दांड्यापासून सुटे आहेत? दांड्यावर बांगडीसारखे कडे आहे का? दांड्याच्या बुडाशी अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी वाटी किंवा पिशवी आहे का? दांडा चिरला तर पोकळ आहे की भरीव? चिरल्यावर रंग बदलतो का? आणि ती उगवली कशावर? वारुळावर, शेणावर, लाकडावर की गवतात? एकटी की घोळक्याने?

एवढे पाहून झाले की बीजाणूंचा रंग पाहावा. हे काम घरी करता येते, आणि त्यात मौजही आहे. दांडा कापून टाका. अर्धा पांढरा कागद घ्या आणि अर्धी काळी पाटी घ्या. टोपी पडद्यांची बाजू खाली करून दोन्हींवर अर्धी अर्धी येईल अशी ठेवा. वर वाटी पालथी घाला. रात्रभर हलवू नका. सकाळी वाटी आणि टोपी अलगद उचला. पडद्यापडद्याची रांगोळी उमटलेली दिसेल. पांढरी धूळ पाटीवर दिसते, काळी कागदावर दिसते. कोणाची धूळ गुलाबी असते, कोणाची तपकिरी, कोणाची काळी, कोणाची हिरवट. टोपीचा रंग ऊन-पावसाने बदलतो. बीजाणूंचा रंग सहसा बदलत नाही. म्हणून शास्त्रज्ञ या छापाला फार मान देतात. पुढे तीच धूळ ते सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि बीजाणू गोल आहे की लांबट, गुळगुळीत आहे की काटेरी, हे मोजून लिहून ठेवतात. (हात मात्र नंतर साबणाने धुवा. आणि ज्या वाटीखाली टोपी ठेवली ती वाटी घासून घ्या.)

आता ही परीक्षा आपल्या वारुळाच्या अळंबीला लावून पाहू.

वारुळाची अळंबी वाळवीच्या शेतात पिकते. हे शेत खरोखरीचे आहे, आम्ही नुसते शोभेसाठी म्हणत नाही. वाळवीला लाकूड आणि पालापाचोळा नीट पचत नाही. ती तो चावून आणते आणि वारुळाच्या पोटात त्याची पोळी रचते. स्पंजासारखी, भोकाभोकांची पोळी. या पोळ्यांवर ती एक बुरशी वाढवते. बुरशी लाकूड कुजवून मऊ करते आणि मग वाळवी ते खाते. बुरशीला घर मिळाले, वाळवीला अन्न मिळाले. शास्त्रज्ञ म्हणतात की ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपासून चालत आली आहे. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. तेव्हा शेतकरी म्हणून वाळवी आपल्याहून पुष्कळ वडील!

पाऊस लागला की ही बुरशी वारुळाच्या पोटातून वर कोंब काढते. तो हातभर माती फोडून येतो. म्हणून त्याच्या टोपीला मधोमध कठीण टोक असते आणि खाली दांडा लांब मुळासारखा होऊन थेट पोळीपर्यंत जातो. वरून उपटली तर हे मूळ तुटते. खणले तर सापडते. तिची धूळ गुलाबीसर पडते. या कुळाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. रोजे हाइम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली हे नाव दिले. गोव्यात हिला रोवण अळमी म्हणतात. गोवा विद्यापीठातल्या नंदकुमार कामत यांनी तिचा पुष्कळ अभ्यास केला आहे. आफ्रिकेत झांबिया देशात या कुळातली एक जात अशी आहे की तिची टोपी मीटरभर रुंद होते. पावसात दोन पोरं तिच्याखाली उभी राहतील. उलट याच कुळातली एक जात बोटाच्या पेराएवढी. वाळवीने पोळीचा चुरा बाहेर टाकला की त्यावर ती शेकड्यांनी उगवते. हिला लांब मूळ नसते.

म्हणजे पाहा, मूळ असेल तीच वारुळाची, हा नियमही पुरता लागू पडत नाही.

आता हिची तोतया सांगतो. पाऊस पडला की गवतात, अंगणात, शाळेच्या पटांगणात मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात. वर तपकिरी खवले असतात. दांड्याला कडे असते, आणि जून झाल्यावर ते बोटाने वर-खाली सरकते. लहान असताना पडदे पांढरे, पुढे ते हिरवट राखाडी होत जातात. धूळ हिरवट पडते. हिचे नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. दिसायला देखणी, पण खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू. सहसा माणूस मरत नाही, पण लहान मुलाच्या अंगातले पाणी जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. हिरवट धूळ पडणारी छत्री कधीच खाऊ नये. कोवळी असताना मात्र तिचे पडदे पांढरेच असतात. घोटाळा होतो तो तिथेच.

कोणी म्हणेल, "कडं असलं म्हंजी विषारी, एवढं ध्यानात ठेवलं की झालं!" तसे नाही. वारुळाच्या अळंबीतही एका जातीला कडे असते. आणि कडे नसलेल्याही विषारी आहेत. एका खुणेवर निकाल देता येत नाही.

तिसरे कूळ अमानिटा. जगात अळंबीने जी माणसे मरतात, त्यांतली बहुतेक या कुळातल्या काही जातींनी मरतात. युरोपातली अमानिटा फॅलॉइडिस ही त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध. या कुळातल्या जातींची नोंद आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळात झालेली आहे. तिची खूण अशी: पडदे पांढरे, धूळ पांढरी, दांड्यावर कडे, आणि बुडाशी मातीत वाटी. ती वाटी मातीत राहून गेली, की ही छत्री अगदी साधी, भोळी दिसते. खणून काढा म्हणतो ते एवढ्यासाठी.

खाऊन त्रास झाला तर

येथे थोडे थांबून हे सांगितले पाहिजे. या विषाची रीत फसवी आहे. खाल्ल्यावर सहा तास, कधी कधी दिवसभर काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा. दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. घरचे म्हणतात, उतार पडला. पण विष तेव्हा आत काळजाशेजारी यकृतावर काम करीत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, शुद्ध हरपते. तेव्हा दवाखान्यात नेले तर डॉक्टरांचे हात बांधलेले असतात.

म्हणून अळंबी खाऊन उलटी झाली, तर "बघू सकाळी" म्हणू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, नाही तर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. भाजी कोणी कोणी खाल्ली, किती वाजता खाल्ली, त्रास किती वाजता सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगावे. ज्यांनी खाल्ली पण अजून त्रास नाही, त्यांनाही बरोबर न्यावे. शिळी भाजी, चिरताना राहिलेले तुकडे, उकिरड्यावर टाकलेली देठे, जे सापडेल ते कागदात गुंडाळून न्यावे. घरचा उतारा देत बसू नये. बरे वाटले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरू नये.

डोळे कुठे कमी पडतात?

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या खुणा पाहिल्या, मग आणखी काय पाहिजे? बहुतेक वेळा खरेच काही नको. पण काही वेळा खुणा अपुऱ्या पडतात.

एक तर बालपण आणि म्हातारपण. कोंब, उमललेली छत्री आणि सडत आलेली छत्री ही एकाच जातीची असून तीन वेगळ्या दिसतात. दुसरे, तुकडे. दवाखान्यात आणलेल्या भाजीत टोपी कुठली आणि दांडा कुठला? तिसरे, जुळ्या बहिणींसारख्या जाती. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा त्यांत फरक दिसत नाही.

लाकडावरच्या कठीण बुरशीचे उदाहरण घ्या. जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखा घट्ट, तपकिरी खूर वाढतो. त्याला फणसोंबा म्हणतात. लहान मुलाला लाळ गळते, तोंड येते, तेव्हा तो उगाळून लावायची जुनी चाल आहे. काष्ठौषधीच्या दुकानातही तो मिळतो. पुणे विद्यापीठातले संशोधक जे. जी. वैद्य यांनी अशा औषधी बुरशींचा अभ्यास केला. फणसोंबा फेलिनस नावाच्या कुळातला. पण या एका नावाखाली एकाहून अधिक जाती मोडतात. खूर वाळला, त्याचे तुकडे झाले, की त्या जाती वेगळ्या करणे फार कठीण. आणि औषध म्हणून मुलाच्या तोंडात घालायचे, तर कोणती जात हे कळायला नको का?

अशा ठिकाणी शास्त्रज्ञ डीएनए वाचतात.

चार अक्षरांची पोथी

तुम्ही नुकतीच अक्षरे शिकला आहात. त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला चटकन कळेल. घर विटांचे, तसे प्रत्येक जिवाचे शरीर पेशींचे. प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा असतो. त्याला डीएनए म्हणतात. या धाग्यावर जणू मजकूर लिहिलेला असतो. वाळवीने वाळवी व्हावे, फणसाने फणस व्हावे, हे त्या मजकुरावरून ठरते. आई-बापाकडून लेकरांकडे ही पोथी उतरत जाते.

आपल्या मराठीत मुळाक्षरे पुष्कळ. या पोथीत मात्र चारच. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी, सी म्हणतात. चार अक्षरांत कसे भागते? अक्षरे कोणत्या क्रमाने येतात त्यावर सगळे आहे. 'पान' आणि 'मान' यांत एकाच अक्षराचा फरक, पण अर्थ केवढा बदलतो! 'नाक' उलटे वाचले तर 'कान' होते. अक्षरे तीच, क्रम निराळा. तसेच हे.

सगळी पोथी वाचायची तर कोट्यवधी अक्षरे वाचावी लागतील. ओळख पटवायला एवढे नको. पोथीतले एक ठरावीक पान वाचले तरी पुरते. बुरशीच्या पोथीत एक जागा अशी आहे की तिच्या दोन्ही बाजूंचा मजकूर जवळजवळ सर्व बुरशींत सारखा असतो, आणि मधला मजकूर जातीजातीला बदलतो. दोन्ही बाजू ओळखीच्या, म्हणून तिथे चिमटा लावता येतो. मधला भाग वेगळा, म्हणून जात कळते. या जागेला आयटीएस म्हणतात. तिच्यात साधारण पाचशे ते सातशे अक्षरे असतात. बुरशीची ओळख याच पानावरून करावी, असे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१२ साली सुचवले आणि ते मान्य झाले.

प्रयोगशाळेत काम असे चालते. अळंबीच्या आतल्या गरातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. आतला अशासाठी, की वर दुसरी बुरशी, माती, किडे लागलेले असतात. तो तुकडा बारीक वाटतात. मीठ, साबणासारखी द्रव्ये आणि मद्यार्क वापरून त्यातून डीएनए वेगळा काढतात. तो इतका थोडा असतो की वाचता येत नाही. मग त्या एका पानाच्या नकला काढायच्या. एका लहान नळीत तो डीएनए आणि काही द्रव्ये घालून यंत्रात ठेवतात. यंत्र नळी जवळजवळ उकळीपर्यंत तापवते आणि पुन्हा निववते. प्रत्येक फेरीला नकला दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तुम्हीच हिशोब करून पाहा. तीस फेऱ्यांनंतर एकाच्या १०७ कोटींवर नकला होतात, आणि त्याला दोन-तीन तास पुरतात. ही युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली. तिच्यासाठी त्याला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे दुसरे यंत्र ती अक्षरे ओळीने वाचून कागदावर उतरवते. मग ती ओळ संगणकावर जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतात. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या बुरशींची ही पाने एका सामाईक भांडारात जमा करून ठेवली आहेत. शंभरातली नव्याण्णव-शंभर अक्षरे जुळली, तर बहुधा तीच जात. नव्वद जुळली, तर गोत जवळचे, पण जात निराळी.

यातून चमत्कारिक गोष्टी बाहेर आल्या आहेत. लंडनमध्ये क्यू नावाची प्रसिद्ध बाग आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या एका दुकानातून चिनी वाळक्या अळंबीचे पाकीट विकत आणले. त्यातले पंधरा तुकडे घेऊन त्यांनी त्यांचा डीएनए वाचला. त्या पंधरा तुकड्यांत तीन जाती निघाल्या, आणि तिन्ही अशा की शास्त्राच्या पुस्तकात त्यांना नावच नव्हते! २०१४ साली त्यांना नावे दिली. लोक त्या विकत होते, रांधत होते, खात होते. फक्त पुस्तकाला ठाऊक नव्हत्या. आपल्या बाजारात पानावर मांडलेल्या वाट्यांतही असे काही नसेलच, असे कोणी सांगावे?

पण डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगून ठेवतो. त्या जागतिक भांडारात काही नोंदी चुकीच्या नावाने पडलेल्या आहेत. चुकीच्या नोंदीशी आपली ओळ जुळली तर आपलेही नाव चुकणार. शिवाय काही जुळ्या जातींत हे पानही सारखेच निघते. मग पोथीतले आणखी एखादे पान वाचावे लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट: डीएनए फक्त नाव सांगतो. ती खावी की नाही हे तो सांगत नाही. ते माणसांच्या अनुभवावरून आणि विषाच्या तपासणीवरूनच कळते. म्हणून चांगला शास्त्रज्ञ छत्री पाहतो, छाप पाहतो, बीजाणू मोजतो आणि मग डीएनए वाचतो. आणलेल्या माणसाला चार प्रश्नही विचारतो. आमच्या मते हे प्रश्न विचारणे यंत्राहून कमी मोलाचे नाही. ती कुठल्या झाडाखाली आली, ती कोणत्या नक्षत्रात येते, हे यंत्राला कुठून कळणार?

पुण्यातली संस्था

हे काम आपल्याच जिल्ह्यात चालते. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. (आगरकर वेगळे आणि आघारकर वेगळे. पत्ता विचारताना पुष्कळांचा गोंधळ होतो.) शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ मूळचे मालवणचे. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

या संस्थेत बुरशींचा दोन प्रकारचा साठा आहे. एक जिवंत बुरशींचा. नळ्यांमध्ये खाऊ घालून त्या सांभाळलेल्या असतात. देशातला हा राष्ट्रीय संग्रह आहे. दुसरा वाळवलेल्या नमुन्यांचा. त्याला अजरेकर यांचे नाव दिलेले आहे. ज्वारीच्या कणसातून गोड चिकट थेंब गळतात, तो रोग अर्गट जातीच्या बुरशीचा आहे, हे अजरेकरांनी १९२६ साली दाखवले. संस्थेत शुल्क घेऊन बुरशीची ओळख पटवून देतात, अंगाच्या खुणांवरूनही आणि डीएनएवरूनही. मात्र त्याला दिवस लागतात. आज रात्रीची भाजी करू का, या प्रश्नाचे उत्तर तिथून मिळणार नाही. त्याचे उत्तर साधे आहे: घरातल्या जाणत्या माणसाची पुरती खात्री नसेल तर ती अळंबी चुलीवर चढवू नये. अळंबीची हौसच असेल तर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी लावता येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर काम करणारे केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. वारुळाची अळंबी मात्र अजून शेतात लावता येत नाही. तिला वाळवीच पाहिजे.

म्हणून वारूळ खणून मोडू नये. आणि सगळे कोंब एकदम काढू नयेत. कोंब लुसलुशीत लागतो हे खरे, पण कोंबातून बी पडलेले नसते. छत्री उमलली म्हणजेच बीजाणू बाहेर पडतात. पुष्कळ जातींत नव्या वारुळातली वाळवी हे बी बाहेरून, पालापाचोळ्याबरोबर गोळा करून आणते. बीच पडले नाही तर नव्या वारुळात शेत लागणार कसे? चार-सहा छत्र्या उमलून सडू दिल्या तर पुढच्या आषाढात त्याच डोंगरावर नव्या जागा होतात.

नमुना पाठवायचा असेल तर

तुमच्या रानात अनोळखी छत्री दिसली आणि ती कोणती हे जाणून घ्यायचे असेल, तर नमुना असा ठेवावा. लहान, मध्यम आणि उमललेली अशा तीन-चार छत्र्या मुळासकट खणून घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत. त्या आत घामेजतात, सडतात, आणि सडल्यावर डीएनएही बिघडतो. कागदात किंवा पानात गुंडाळून टोपलीत ठेवाव्यात. खाण्याच्या अळंबीत मिसळू नयेत. घरी आल्यावर एका टोपीचा छाप घ्यावा. बाकीच्या उभ्या चिरून चुलीपासून दूर, नुसती ऊब लागेल अशा जागी, वाळवणाच्या चाळणीवर ठेवाव्यात. भाजू नयेत. कुरकुरीत वाळल्या की कागदी पाकिटात घालाव्यात. ती चाळणी नंतर घासून धुवावी. मोबाइल असेल तर ताजी असतानाच वरून, खालून आणि बाजूने असे तीन फोटो काढून ठेवावेत.

पाकिटात एक चिठ्ठी घालावी. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे नाव-गाव नसलेले पत्र. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. आपण स्वतःच लिहावी. ती अशी:

गाव: केळद. तालुका: वेल्हे (राजगड).
तारीख: आषाढ वद्य पंचमी. (इंग्रजी तारीखही लिहावी.)
जागा: जांभळीच्या झाडाखाली, वारुळापासून दहा पावलांवर.
ताजी असताना रंग: टोपी राखी, मधोमध काळपट टोक. पडदे पांढरे.
मूळ: वीतभर खणले, पुढे तुटले.
धुळीचा रंग: फिकट गुलाबी.
गावात काय म्हणतात: अळंबी. खातात.
लिहिणाऱ्याचे नाव: